शालिकनानांचा लांब पाव

पाव विकत घेण्याआधी तो कानाला लावून ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शालिकनाना तायडे. जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रहीमचाचांची बेकरी होती. संध्याकाळी भट्टीतला माल बाहेर आला की नाना तिथे हजर. एक बन उचलायचा, कानाशी धरायचा, अंगठ्याने हळूच दाबायचा आणि डोळे मिटायचे. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. चांगला बन दाबल्यावर श्वास सोडतो, असं त्यांचं म्हणणं. वाईट बन कुरकुरतो. मी स्वतः बरेच बन दाबून पाहिले, मला कधी काही ऐकू आलं नाही. नाना म्हणाले, तुमचा कान सरकारी आहे. मी जिल्हा परिषदेत कारकून असल्यामुळे हे मला मान्य करावं लागलं.

नाना रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एक माणूस एकटाच बसलेला दिसतो, हातात हिरवा झेंडा, चेहऱ्यावर जगाशी काही देणंघेणं नसल्याचा भाव, तो गार्ड. कधी सुरतेच्या बाजूला, कधी खंडव्याकडे. गेले की दोन-तीन दिवस घरी पत्ता नाही. सुरतेला स्टेशनसमोरच्या एका गाडीवर त्यांनी पहिल्यांदा हॉटडॉग खाल्ला आणि त्यांच्या आयुष्याचे दोन भाग पडले. पहिल्या भागाबद्दल ते फारसं सांगत नसत.

मी या गल्लीत राहायला आलो तेव्हा, म्हणजे पंच्याऐंशीच्या सुमाराला, जळगावात हॉटडॉग ठाऊक असलेली माणसं फार थोडी होती आणि त्यातली बहुतेक नानांनीच तयार केलेली होती. माझं सामान अजून टेम्पोतून उतरत होतं. नाना समोर आले, नाव विचारलं, गाव विचारलं. जामनेर म्हटल्यावर मान हलवली आणि हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी गरम ठेवलं. "खा," म्हणाले, "आनि मोडू नका." एका काखेत गादी आणि एका हातात हॉटडॉग, अशा अवस्थेत माझा गृहप्रवेश झाला.

हॉटडॉग म्हणजे लांबट बन आणि त्यात मटणाच्या खिम्याची लांब वळी. या वळीला नाना 'दांडी' म्हणत. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी भिजवलेल्या डाळीची दांडी. पण दांडीला त्यांच्या लेखी फारशी किंमत नव्हती. "दांडी कोनीबी करी, बन पाहिजे," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की अजूनही बेकरीवरून जाताना ते माझ्या कानात आपोआप वाजतं.

बनाची कथा वेगळीच आहे. रहीमचाचा खारी, टोस्ट, नानकटाई आणि गोल पाव करत. लांब पाव हा त्यांना उगाच केलेला चावटपणा वाटे. नानांनी पत्र्याचं काम करणाऱ्याकडून लांबट साचे करून आणले आणि चाचांच्या पुढ्यात ठेवले. पहिली खेप निघाली ती पोळ्या लाटायला उपयोगी पडली असती. दुसरी खेप वरून काळी आणि आतून ओली. नाना मात्र ड्युटीवरून आले की आधी बेकरीत, मग घरी. मैदा जास्त मळा, वरून दुधाचा हात द्या, आंबवायला घाई करू नका. शेवटी चाचा वैतागून म्हणाले की नाना, तुम्ही गाडी चालवा, भट्टी मी चालवतो. नाना शांतपणे म्हणाले, गाडी ड्रायव्हर चालवतो, मी फक्त मागे बसून चुका बघतो. चाचांना हे पटलं असावं, कारण पुढच्या खेपेला बन जमला. आपण गाडीच्या मागच्या डब्यातून एक बेकरी सुधारली, असं नाना पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

बन कापण्याचेही नियम होते. कुशीत कापायचा नाही, पाठीत कापायचा, तेही सुरी पोटापर्यंत जाऊ न देता. मग तव्यावर लोणी टाकून दोन्ही गाल शेकायचे. मग दांडी. आणि मग वरचा साज. नानांची खरी प्रतिभा इथे सुटायची. आमच्याकडचं हिरव्या वांग्यांचं भरीत, कांद्याची पात आणि मिरचीचा ठेचा घालून, हा त्यांचा सर्वमान्य प्रकार. त्यावर चुरलेली ज्वारीची बिबडी, म्हणजे आमच्याकडचा पापड. ही बिबडी दाताखाली आली की माणूस बोलायचा थांबतो. केळ्याचे वेफर आणि लसणाची चटणी, हाही बरा. मेहरूणच्या बोरांची आंबटगोड चटणी घालून केलेला हॉटडॉग मी थंडीच्या दिवसांत ओट्यावर उभा राहून खाल्ला आहे, आणि त्या दिवशी मला नानांबद्दल खरोखरचा आदर वाटला.

हा आदर फार दिवस टिकला नाही. पुढच्याच खेपेला त्यांनी शेवभाजी घातली. तिची लाल तर्री माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली आणि त्याच शर्टाने मी मोठ्या साहेबांच्या बैठकीला हजर झालो. साहेबांनी मला दवाखान्यात जाऊन यायला सांगितलं. उन्हाळ्यात त्यांनी खिम्याच्या दांडीवर आमरस घातला, त्याबद्दल मात्र गल्लीत कुणी बोलत नाही.

दर वेळी ड्युटीवरून आले की काहीतरी नवीन. एकदा जे जमलं तेच पुन्हा करा, असं आम्ही सगळे सांगत असू. भरताचा हॉटडॉग कुणी पुन्हा मागितला की नाना कष्टी होत. तुम्हाला पुढे जायचंच नाही का, असं विचारत. बुद्धपौर्णिमेला विहारात खिरीऐवजी हॉटडॉग वाटावेत, असा ठराव त्यांनी एकदा बैठकीत मांडला. अनुमोदन द्यायला कुणी उठेना, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथे फक्त सतरंज्या उचलायला गेलो होतो.

नानांच्या घरी त्यांची बायको शेवंताअक्का आणि एकुलती मुलगी सुजाता. अक्का हॉटडॉगचं नावही घेत नसत. "त्यास्ना तो पाव," एवढाच उल्लेख. सुजाता मात्र बापाच्या प्रत्येक प्रयोगाची पहिली गिऱ्हाईक. आमरसाचाही तिने पूर्ण खाल्ला म्हणतात, यावरून मुलीच्या स्वभावाची कल्पना यावी.

नाना तसे मवाळ माणूस. पण बन मोडलेला त्यांना खपत नसे. अक्कांच्या बहिणीचे यजमान, एदलाबादचे साडू, एकदा आले. त्यांनी हॉटडॉग उघडला, दांडी काढून खाल्ली आणि बन दारातल्या शेळीपुढे टाकला. शेळीने तो आनंदाने खाल्ला. नानांनी आपली ताटली खाली ठेवली. चपला घातल्या, गल्लीबाहेर निघून गेले आणि साडू एस.टी.त बसून गावी पोचेपर्यंत परत आले नाहीत. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, तरी साडू पुन्हा आले नव्हते. अक्का माहेरच्या लग्नकार्यात बहिणीशेजारी बसत, पण पूर्वीसारखं बोलणं राहिलं नव्हतं. एका पावापायी.

एवढं सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे सुजाताचं लग्न.

सुजाता धुळ्याला डी.एड.ला होती. तिथे तिच्या वर्गात दोंडाईचाचा विलास नावाचा मुलगा होता. पुढे तो सातपुड्याच्या पायथ्याशी एका आश्रमशाळेत मास्तर म्हणून लागला आणि तिला पत्रं लिहू लागला. दोघांचं ठरलं होतं. हे अक्कांना माहीत होतं, माझ्या बायकोला माहीत होतं आणि म्हणून मलाही माहीत होतं. अडचण विलासच्या आजोबांची होती. वडील लहानपणीच गेलेले, घरात आबांचा शब्द शेवटचा. आबांना शिक्षण, पगार, पत्रिका यांत काही रस नव्हता. ते फक्त घरात वाढतात कसं ते पाहायचे. अमळनेरच्या एका घरात भाजी दुसऱ्यांदा विचारली नाही, तर ते ताट संपवून उठले, हात धुतले आणि तसेच स्टेशनवर गेले. ती मुलगी दिसायला, शिकायला कशी होती, ते त्यांना नंतर आठवतही नव्हतं.

आबा येणार असं कळलं तेव्हा सुजाता माझ्या बायकोजवळ येऊन रडली. तिने दुसऱ्या कुणाशी लग्न करायचं नाही हे पक्कं केलं होतं, आणि आबांनी एकदा नाही म्हटलं की विलास त्यांचं मन मोडणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. अक्कांनी नानांना समोर बसवून कबूल करून घेतलं. पाहुण्यांना पोहे. नंतर जेवायला वरण, भात, वांग्याची भाजी. तो पाव नाही. नाना हो म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आबा रविवारी सकाळच्या पॅसेंजरने आले. पांढरं धोतर, टोपी, तोंडाचं बोळकं आणि बारीक डोळे. सोबत विलास आणि त्याची आई. अक्कांनी शेजारी म्हणून मला बोलावलं होतं, पण माझं खरं काम नानांवर लक्ष ठेवायचं होतं. बोलणं चांगलं चाललं होतं. आबांनी नानांना नोकरीबद्दल विचारलं, नानांनी त्यांच्या बागलाणातल्या नातेवाइकांचं विचारलं, दोघांची कुठलीतरी लांबची सोयरीकही निघाली. मग सुजाता पोह्यांच्या बश्या घेऊन आली. तिने त्या आबांपुढे ठेवल्या. आबांनी बशीकडे पाहिलं आणि हात जोडले.

"पोहा राहू द्या बाई. शेंगदाना हिरडीले टोचस. आनि यंदा पोहाच पोहा खादात. दुसरं काही शे का?"

अक्का म्हणणार होत्या की जेवण तयारच आहे. त्यांचं तोंड उघडलेलंही मी पाहिलं. पण नाना त्याआधीच उठले होते. कोपऱ्यात त्यांची गार्डाची लोखंडी पेटी असे. झेंडे, दिवा, धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळावर लावायचे फटाके असलं रेल्वेचं सामान ठेवायची. त्यांनी ती उघडली. आत झेंड्यांखाली, स्वच्छ फडक्यात, रहीमचाचांचे बन निजले होते. भरताचा डबाही तिथेच होता. डाळीच्या दांड्याही. पहिल्या भेटीत मटण बरं दिसत नाही, एवढा विवेक त्यांनी केला होता.

अक्का माझ्याकडे पाहू लागल्या. मी छताकडे पाहू लागलो.

आतल्या तव्यावर लोणी चुरचुरलं. थोड्याच वेळात ताटल्यांत एकेक हॉटडॉग आला. बन सोनेरी, पाठीत बरोबर कापलेला, वर भरीत, वर बिबडीचा चुरा. मी इतकी वर्षं त्यांचा खातो आहे, पण त्या दिवशीइतका देखणा हॉटडॉग मी पाहिला नाही. विलासने घास घेतला आणि त्याचे डोळे मोठे झाले. आबांनी आपला हॉटडॉग फिरवून पाहिला. एका टोकाने पाहिला, दुसऱ्या टोकाने पाहिला. नाना पुढे झुकून सांगायला लागले, "आबा, तो दोन्ही हातमा..."

आबांनी हॉटडॉग ताटलीत आडवा ठेवला, तळवा त्यावर टेकवला आणि दाबला.

खान्देशात बट्टी कशी खातात ते सांगायला नको. भाजून तळलेला कणकेचा गोळा हाताने चुरायचा, मधोमध आळं करायचं आणि त्यात वरण ओतायचं. लग्नाच्या पंगतीत पहिला घास हाच. आबा आयुष्यभर हेच करत आले होते. त्यांनी बन चुरला. दांडी चुरली. भरीत, बिबडी, सगळं एकत्र केलं, बोटांनी छान आळं केलं आणि वर पाहिलं.

"वरन आना."

विलासच्या तोंडातला घास तसाच राहिला. अक्कांना बहीण आठवली असणार. मला शेळी आठवली. सुजाता आतल्या दाराची चौकट धरून उभी होती. नाना त्या चुऱ्याकडे पाहत होते. मैदा जास्त मळा, दुधाचा हात द्या, घाई करू नका. इतक्या वर्षांची सगळी तालीम त्या ताटलीत पडली होती. मग त्यांनी मान वर केली आणि मुलीकडे पाहिलं.

ते उठले. मी मनात म्हटलं, संपलं, आता चपला घालणार. नाना आत गेले. झाकण काढल्याचा आवाज आला. बाहेर आले ते वरणाचं पातेलं आणि पळी घेऊन. आबांच्या आळ्यात त्यांनी वरण ओतलं, ते काठाबाहेर जाणार नाही इतक्या बेताने. मग विचारलं, तूप? आबा म्हणाले, टाका. नानांनी तूप वाढलं. मग ते आबांच्या शेजारी मांडी घालून बसले, स्वतःची ताटली ओढली आणि स्वतःच्या हाताने आपला बन चुरला.

हे मी आजही भेटेल त्याला सांगतो. ज्यांनी रहीमचाचांचा बन कधी खाल्ला नाही त्यांना यात एवढं काय ते कळणार नाही.

आबा शांतपणे जेवले. बोटं चाटली. नाना दर थोड्या वेळाने पळी पुढे करत होते. "आखो एक ल्या, आबा." आबांनी आणखी एक घेतला. तोही चुरला. मग पाणी पिऊन नानांकडे वळले.

"ही तं बट्टीच शे," ते म्हणाले. "लांब करेल शे, तेवढंच."

नानांनी हे गिळलं. कसं गिळलं ते मला समोरून दिसत होतं.

"पन या घरमा वाढता येस," आबा म्हणाले आणि विलासच्या आईला साखर मागवायला सांगितली.

पाहुणे दुपारच्या गाडीने गेले. नाना त्यांना स्टेशनपर्यंत पोचवून आले. संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. गल्लीत साखर वाटून झाली होती. अक्कांनी एदलाबादच्या बहिणीला निरोप धाडला होता, आणि साडूंनाही घेऊन ये, असं सांगायला नानांनीच सुचवलं होतं. मी म्हटलं, नाना, खरं सांगा, वरणातला कसा लागला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले की बरा लागला, पण हे रहीमचाचाला कळता कामा नये.

मग मी नेहमीसारखं विचारलं, आता पुढच्या खेपेला वर काय घालणार. नाना म्हणाले, आता नवीन काही नाही. मला वाटलं आबांनी त्यांचं मन मोडलं. तसं मी म्हणालोही. ते हसले.

"आबास्नं काही नही, भाऊ. ही सुजाता दोन-तीन वरीसनी व्हती ना, तवय मी ड्युटीवरून घर येऊ, तं ती मले वळखेच नही. मायना पदरमा लपी जाये. दोन-तीन दिवसमा इसरी जाये मले. मंग एकदा सुरतहून तो पाव आना. वरतून शेव टाकी. ती शेव खावाले बाहेर उनी आनि मांडीवर बसनी."

त्यांनी मांडीवर सांडलेले साखरेचे कण झटकले.

"पुढली खेपले नुसती शेव दखाडी, तं येईना. नवं काही लागे. दर खेपले नवं लागे."

इतकी वर्षं त्या माणसाचं वेड समजून जे आम्ही सारी गल्ली मिटक्या मारत खात होतो, ते कुणासाठी होतं हे मला त्या ओट्यावर समजलं. एवढासा जीव आपल्याला विसरू नये म्हणून माणूस काय काय करतो. वाईटही वाटलं आणि फार बरंही वाटलं.

आतून सुजाता आली. दिवसभराची दमलेली, पदर खोचलेला. तिने मला चहाचं विचारलं, मी नको म्हटलं. मग तिने नानांना विचारलं की बन एखादा उरलाय का, सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. उरला होता. नाना लगबगीने उठायला लागले. भरीत संपलं, पण ठेचा आहे, वेफर आहेत, कांदा आत्ता चिरतो, असं काहीतरी पुटपुटत. सुजाताने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि त्यांना खेटून पायरीवर बसली.

"वरून काही नको, नाना," ती म्हणाली. "नुसताच द्या."

मी चपला घातल्या आणि घरी आलो.